हिरवा ठिपका आणि माळकरी मामा: एका इटालियन जेवणाचा प्रकरण अभ्यास

पुण्यातल्या रेस्टॉरंटांमध्ये नव्यानं कामाला लागलेल्या मुलामुलींना मी सर्व्हिसचं प्रशिक्षण देते. टेबल लावणं, ऑर्डर घेणं, गिऱ्हाइकाशी बोलणं हे शिकवताना मी घडलेल्या गोष्टी सांगते, कारण पुस्तकातली उदाहरणं पोरांच्या लक्षात राहत नाहीत. हे प्रकरण मात्र माझ्या घरचं आहे. त्या टेबलावर मी स्वतः बसले होते आणि जो प्रश्न विचारायला मी दुसऱ्यांना शिकवते, तो त्या रात्री मी विचारला नाही. म्हणून जसं घडलं तसं, सगळ्या तपशिलांसह लिहून ठेवते आहे. रेस्टॉरंटचं नाव देत नाही. अशा चुका शहरातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत होऊ शकतात.

माझे मामा लोणंदचे. कांद्याचे शेतकरी, वय ६८. विसाव्या वर्षी त्यांनी तुळशीची माळ घातली. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला आली की तिच्याबरोबर ते पंढरपूरपर्यंत चालत जातात. मांस, मासे, अंडं, दारू यांतलं काही अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांच्या तोंडात गेलेलं नव्हतं. चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. स्वतःच्या शेतात कांद्याची रास पडलेली असताना हा माणूस चार महिने कांद्याला शिवत नाही, याचं मला लहानपणी फार अप्रूप वाटायचं.

तुळशीचं लग्न झालं, चातुर्मास संपला आणि त्याच आठवड्यात मामा-मामींच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण झाली. मामेभाऊ बाणेरला राहतो. त्याच्या घराजवळ दीड महिन्यापूर्वी नवं इटालियन रेस्टॉरंट उघडलं होतं आणि त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीनं हट्ट धरला होता की आजी-आजोबांना पास्ता खायला न्यायचंच. मामा नातीला नाही म्हणू शकत नाहीत. आम्ही सहा जण गेलो.

टेबलावर काय घडलं

रेस्टॉरंट देखणं होतं. आत शिरल्याशिरल्या डाव्या हाताला काचेमागे पास्ता करायची जागा, त्यापलीकडे लाकडं जाळून तापवलेली पिझ्झाची भट्टी. मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थापुढे खूण होती, शाकाहारीला हिरवा ठिपका आणि मांसाहारीला तपकिरी त्रिकोण. आम्हाला तेवढ्यानंच हायसं वाटलं.

आमच्या टेबलाचा वेटर विशी-बाविशीचा, अतिशय नम्र मुलगा. मामांना बघून त्यानं आधी पाणी त्यांच्यापुढे ठेवलं, "बाबा, थंड की साधं?" असं विचारलं. मामेभावानं कार्डावर बोट ठेवून मश्रूम रिसोटो निवडला. "हा भातच असतो, बाबांना जड जाणार नाही," असं त्याचं म्हणणं. मग त्यानं वेटरला विचारलं, "हे व्हेज आहे ना?"

"हो सर, प्युअर व्हेज. हिरवा ठिपका आहे बघा."

सगळं प्रकरण या एवढ्याशा सवाल-जवाबात आहे. मामेभावानं बरोबर प्रश्न विचारला असं त्याला वाटलं, मुलानं बरोबर उत्तर दिलं असं मुलाला वाटलं. मी शेजारी बसून ब्रुस्केत्ताच्या, म्हणजे भाजलेल्या पावाच्या, ताटलीकडे बघत होते.

रिसोटो आला. मामांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "आपला गुरगुट्या भात गं. आजारपणात आई करायची तसा." त्यांना तो खरंच आवडला. अर्धी ताटली संपली. नातीसाठी पालकाच्या सॉसमधली तालियातेल्ले आली होती, लांब चपट्या पट्ट्यांचा ताजा पास्ता. त्याच्यापुढेही हिरवा ठिपका. तिनं काट्याला गुंडाळून एक घास आजोबांना भरवला. मग ती काचेपाशी पळाली, कारण तिथे पास्ता मळणं सुरू झालं होतं.

दोन मिनिटांत परत आली ती ओरडतच. "आजोबा, ते काका मैद्यात आळं करून अंडी फोडतायत! सात फोडली, मी मोजली!"

मामांनी चमचा ताटलीच्या कडेला ठेवला. कुणाला काही बोलले नाहीत. पाण्याचा घोट घेतला, चूळ भरायला आत गेले आणि परत येऊन हात मांडीवर ठेवून बसून राहिले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चिडलेली गिऱ्हाइकं पाहिली आहेत. त्या हातांकडे बघून जे वाटलं, ते कुणाच्या आरडाओरड्यानं वाटलं नव्हतं.

मामेभाऊ तावातावानं उठला. वेटर पुन्हा म्हणाला, "सर, पण हिरवा ठिपका आहे." त्याचा चेहरा उतरला होता, तरी त्याच्याकडे दुसरं उत्तरच नव्हतं. मॅनेजर आले, शेफ आले. शेफ नाशिककडचे, मराठी माणूस. त्यांनी एक गोष्ट केली ज्याबद्दल मी त्यांना अजून मानते: काहीही लपवलं नाही. ताज्या पास्त्यात अंडं असतं हे त्यांनी लगेच कबूल केलं. कार्ड छापताना पालक सॉस म्हणून कुणीतरी हिरवा ठिपका टाकला आणि तो तपासायचा राहून गेला, असं सांगितलं. मग मामांच्या ताटलीकडे पाहून ते क्षणभर थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "रिसोटोत व्हाइट वाइन आहे, काका."

ते त्यांनी सांगितलं नसतं तर आम्हाला कधी कळलंही नसतं.

मॅनेजर बिल घ्यायला तयार नव्हते. मामांनी मुलाला पैसे द्यायला लावले. "खाल्लंय त्याचे द्यायचे," एवढंच म्हणाले. घरी गेल्यावर त्यांनी माळ उतरवून देवापुढे ठेवली.

अंड्याचं काय झालं

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, दोन वेळच्या गर्दीच्या मधल्या निवांत वेळात, मी त्या रेस्टॉरंटमध्ये पुन्हा गेले. माझा व्यवसाय सांगितला, भांडायला आले नाही हेही सांगितलं. शेफनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि आम्ही एकेक पदार्थ उलगडून बघितला.

अंड्याचा भाग सरळ आहे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत दूध आणि दुधाचे पदार्थ सोडले तर प्राण्यापासून आलेलं जवळपास सगळं मांसाहारी धरलं जातं आणि त्यात अंड्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तपकिरी त्रिकोण ही खूण २०२० च्या लेबलिंग नियमांनी आणली. त्याआधी मांसाहारालाही तपकिरी ठिपकाच होता. रंग नीट न दिसणाऱ्या माणसालाही फरक कळावा म्हणून आकार बदलला. तेव्हा अंड्याच्या पास्त्यापुढे हिरवा ठिपका ही निखळ चूक होती आणि तिची जबाबदारी रेस्टॉरंटची.

पण ही चूक होते कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. 'पास्ता शाकाहारी असतो' हे आपण गृहीत धरतो, कारण आपण घरी वापरतो तो पाकिटातला वाळलेला पास्ता. तो बहुतेक वेळा ड्युरम नावाच्या कडक गव्हाचा रवा आणि पाणी, इतकाच असतो. इटलीत १९६७ च्या कायद्यानं वाळलेल्या पास्त्यासाठी ड्युरमचा रवाच वापरायचं बंधन घातलं. ताज्या पास्त्याची गोष्ट वेगळी. उत्तरेकडे, बोलोन्याच्या परिसरात, तो मऊ गव्हाच्या पिठाचा करतात. त्या पिठाला कडक गव्हासारखी पकड नसते, म्हणून ते अंड्यात मळतात. ढोबळ प्रमाण १०० ग्रॅम पिठाला एक अंडं. तालियातेल्ले ही तिथलीच. बोलोन्यात तिचा इतका अभिमान की शिजल्यावर पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर असावी, अशी नोंद १९७२ साली तिथल्या व्यापारी मंडळाकडे रीतसर केलेली आहे.

दक्षिण इटलीत मात्र हातानं केलेला पास्ताही बहुतेक वेळा रवा आणि पाण्याचाच असतो. पुल्या प्रांतातली ओरेक्किएत्ते म्हणजे 'छोटे कान'. पिठाचा तुकडा चाकूनं ओढून अंगठ्यावर उलटायचा, की कानासारखी वाटी होते. अंड्याचा थेंबही नाही. शेफनी मला ते करून दाखवलं. मी मोबाइलवर व्हिडिओ काढून मामींना पाठवला. त्यांचा लगेच फोन: "अगं, या तर आपल्या नखुल्या!"

आणि खरंच तसं आहे. गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटवी हे सगळं आपल्या आज्या लग्नाच्या रुखवतासाठी आणि खिरीसाठी अंगठा-बोटांच्या चिमटीत करत आल्या. गव्हाचं घट्ट पीठ आणि बोटांची चपळाई, एवढंच त्यांचं भांडवल. त्या दिवशी शेफना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यांच्या आजीच्या गव्हल्यांची आठवण आली. परदेशी म्हणून शिकलेला पदार्थ आपल्या ओसरीवर आधीच होता, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

वाइन: जिथे खूण बरोबर होती

आता खरा अवघड भाग. रिसोटोपुढचा हिरवा ठिपका चुकीचा नव्हता. वाइन द्राक्षांची, ती ठिपक्याच्या हिशेबात शाकाहारीच. त्या खुणेचं काम एकच आहे, पदार्थात प्राणिज काही आहे की नाही हे सांगणं. दारू आहे की नाही, कांदा-लसूण आहे की नाही, उपासाला चालतं की नाही, यांतलं काहीच ती सांगत नाही. माळकऱ्याच्या नियमात मात्र दारू ही मांसाइतकीच वर्ज्य. म्हणजे कायद्याची खूण आणि माणसाचं व्रत, या दोहोंच्या मधल्या फटीत मामा सापडले. आणि वेटरच्या तोंडी असलेल्या 'प्युअर व्हेज' या शब्दांनी ती फट झाकून टाकली. मराठी माणूस 'प्युअर व्हेज' ऐकतो तेव्हा त्याच्या मनात खानावळीची पाटी येते, सोवळ्याचं काहीतरी येतं. वेटरच्या मनात फक्त कार्डावरचा ठिपका होता.

रिसोटोत वाइन का घालतात? शेफनी शेगडीवर करूनच दाखवलं. लोण्यात बारीक चिरलेला कांदा मंद परतायचा. त्यात आरबोरिओ किंवा कार्नारोली जातीचा आखूड, जाडसर तांदूळ कोरडाच परतायचा. हा तांदूळ उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात पिकतो. त्याला बाहेरून पिष्ट भरपूर आणि तो धुवायचा नसतो. दाणा गरम झाला की अर्धा पेला व्हाइट वाइन ओततात, चर्र आवाज होतो, वाफ उठते. ती आटली की मग उकळता भाजीचा रस्सा पळीपळीनं घालत, ढवळत, अठरा-वीस मिनिटं. शेवटी शेगडीवरून उतरवून थंड लोणी आणि खिसलेलं चीज घालून घोटायचं. लोणी-चीजनं पदार्थ तुपट होतो, तो कापायला आंबटपणा हवा. वाइनचं मुख्य काम तेच.

इथे स्वयंपाकघरातलं एक नेहमीचं वाक्य येतं, जे मॅनेजरनीही त्या रात्री मामांना ऐकवलं होतं: "शिजताना सगळं अल्कोहोल उडून जातं." तसं होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांप्रमाणे, पदार्थात मिसळून पंधरा मिनिटं उकळल्यावर घातलेल्या अल्कोहोलपैकी साधारण ४० टक्के शिल्लक राहतं, अर्ध्या तासानं ३५ टक्के, आणि अडीच तासांनीही सुमारे ५ टक्के. भांड्याची रुंदी, आच, झाकण यानं फरक पडतो. रिसोटोसारख्या उघड्या, पसरट भांड्यात जास्त उडत असेल. ताटलीत उरतं ते थोडंच, त्यानं कुणाला नशा चढत नाही. पण मामांचा प्रश्न नशेचा नव्हताच. ज्यानं माळ घातली आहे त्याला 'आता उरलं थोडंसंच' हे उत्तर देणं म्हणजे त्याचा प्रश्न ऐकलाच नाही असं सांगणं. त्याच ताटलीतून यकृताच्या आजारामुळे दारूचा थेंबही न घेणारा रुग्ण खाऊ शकतो, व्यसनातून बाहेर पडलेला माणूस खाऊ शकतो, मुसलमान कुटुंब खाऊ शकतं. ते सगळे कार्डावरच्या ठिपक्याकडेच बघणार.

चीजबद्दलची शंका

मामेभावानं त्या रात्री घरी जाऊन इंटरनेटवर बरंच वाचलं होतं आणि त्याची तिसरी तक्रार चीजची होती. ती बिनबुडाची नव्हती. इटलीतलं पार्मिज्यानो रेज्यानो हे चीज ठरलेल्या भागातच, ठरलेल्या रीतीनंच करावं लागतं. दूध, मीठ आणि वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, एवढेच त्याचे घटक. ते किमान बारा महिने मुरतं. ते चीज कट्टर शाकाहाऱ्यासाठी नाही. पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटनं करतात. आणि आपल्याकडच्या मेनूत 'पार्मेझान' हा शब्द कुठल्याही कडक, खिसून घालायच्या चीजसाठी सैलपणे वापरला जातो, त्यामुळे कार्ड वाचून काहीच कळत नाही.

शेफनी शीतकपाटातून चीजचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. देशी कंपनीचं, हिरवा ठिपका असलेलं, घटकांत सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट लिहिलेलं. तेव्हा चीजच्या बाबतीत रेस्टॉरंट निर्दोष होतं. मी तसं मामेभावाला सांगितलं. त्याला ते पटायला दोन दिवस लागले, कारण एकदा विश्वास उडाला की माणूस मिठावरही संशय घेतो. मश्रूमचा रस्साही वेगळ्या पातेल्यात, नुसत्या भाज्यांचा केलेला होता, हेही मी पाहून आले.

त्या मुलाला काय शिकवलं होतं

मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटला तो वेटरशी बोलायला. तो हिंगोली जिल्ह्यातला. पुण्यात काकांकडे राहतो. रेस्टॉरंटमध्ये त्याचा तिसरा आठवडा होता. त्याला चार दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. त्यात काय होतं हे त्यानं बोटांवर मोजून सांगितलं: 'न्योकी', 'ब्रुस्केत्ता' असे उच्चार, तीन ताटल्या एका हातात कशा धरायच्या, ऑर्डरच्या मशीनवर केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, कशी पाडायची, गिऱ्हाइकाला वाइन कशी दाखवायची.

"रिसोटो कसा करतात ते कुणी दाखवलं?" मी विचारलं.

"नाही ताई. स्वयंपाकघरात आम्ही पासच्या, म्हणजे ताटल्या बाहेर देतात त्या ओट्याच्या, पुढे जात नाही."

"कधी खाऊन बघितलास?"

तो हसला आणि मान हलवली. सहाशे रुपयांची ताटली तो दिवसातून दहा वेळा उचलत होता. तिची चव त्याला माहीत नव्हती.

मला यात रेस्टॉरंटचा खरा दोष दिसतो, ठिपक्याच्या छपाईपेक्षा कितीतरी मोठा. आपण ज्याला पदार्थाबद्दल बोलायला उभं करतो, त्याला पदार्थ दाखवत नाही. मग तो कार्डच वाचून दाखवणार. गिऱ्हाईकही कार्डच वाचतं. मधे माणूस उभा करून काय मिळवलं? खानावळीत मामांनी "आमटीत काय आहे?" विचारलं तर वाढणारी बाई फोडणीपासून सगळं सांगते, कारण सकाळी मिरच्या तिनंच कुटलेल्या असतात. नव्या पदार्थांच्या रेस्टॉरंटमध्ये ती जबाबदारी वाढते. पुरणपोळीत काय असतं हे गिऱ्हाइकाला आईनं शिकवलेलं असतं. तिरामिसूत काय असतं ते कोण शिकवणार? त्यात मूळ पाककृतीत कच्चं अंडं असतं, बिस्किटांतही अंडं, कुठे कुठे मार्साला वाइनही. पन्ना कोत्ता गोठते जिलेटिननं, जे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून येतं. सीझर सॅलडच्या सॉसमध्ये अँकोव्ही नावाची मासळी असते. दिसायला यांतलं काहीच मांसाहारी नाही.

आणि माझा स्वतःचा दोष. मला रिसोटोत वाइन असते हे माहीत होतं. अगदी पक्कं माहीत होतं. पण मी त्या रात्री कामावर नव्हते, भाची म्हणून गेले होते, आणि मामेभावाचा प्रश्न आणि मुलाचं उत्तर कानावरून गेलं तेव्हा डोक्यातलं ते कपाट उघडलंच नाही. मामांनी मला याबद्दल एक शब्दही विचारला नाही.

पुढे काय झालं

शेफ आणि मी तीन दुपारी बसलो. पहिल्यांदा कार्डावरचा प्रत्येक हिरवा ठिपका स्वयंपाकघरातल्या घटकांशी ताडून पाहिला. तालियातेल्लेखेरीज आणखी एक चूक सापडली, ताज्या पास्त्याच्याच दुसऱ्या पदार्थात. दोन्हींवर त्याच दिवशी त्रिकोणाचे स्टिकर लागले. शाकाहारी पानावर ओरेक्किएत्ते आली.

मग वेटरांसाठी एक कागद केला. त्यावर पदार्थाचं नाव, आणि पुढे पाच रकाने: अंडं, दारू, कांदा-लसूण, चीजचं रेनेट, सुकामेवा. पेस्तो नावाच्या हिरव्या सॉसमध्ये पाइन नट्स किंवा काजू असतात, त्याची ज्याला ॲलर्जी आहे त्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून तो शेवटचा रकाना मी आग्रहानं घालायला लावला. दर शनिवारी दुपारी दोन पदार्थ शेफ वेटरांसमोर करतात आणि सगळे चाखतात. ज्याला वर्ज्य असेल तो नुसतं बघतो.

प्रश्न बदलला, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. "व्हेज की नॉनव्हेज?" हा प्रश्न तिथे आता पुरेसा मानत नाहीत. मुलं विचारतात, "तुम्हाला काही चालत नाही असं आहे का? अंडं, दारू, कांदा-लसूण, काहीही?" सुरुवातीला मॅनेजरना भीती होती की दारूचं नाव काढलं तर शाकाहारी कुटुंबं बिचकतील. तसं काही होताना मला दिसलं नाही. उलट लोक मोकळे होतात. एक आजी म्हणाल्या, "बाळा, आज माझी चतुर्थी आहे," आणि त्यांना फळांची ताटली मिळाली.

रिसोटोचं कोडं शेफनी स्वतः सोडवलं. वाइनच्या जागी लिंबू घालून पाहिलं, पण लिंबाचा वास पुढे येत होता. मग त्यांना घरचं आठवलं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर नाशिकच्या बागांत घडांची विरळणी करतात, तेव्हा हिरवे कच्चे मणी ढिगानं खाली पडतात. फ्रान्समध्ये अशाच कच्च्या द्राक्षांचा आंबट रस स्वयंपाकाला वापरण्याची जुनी रीत आहे. भावाकडून त्यांनी दोन क्रेट मागवले, रस काढला, उकळून बाटल्यांत भरला. त्या रसाचा रिसोटो मी खाल्ला आहे. आंबटपणा अगदी त्याच जागी येतो, दाण्याच्या आत.

मामा कार्तिक वद्य एकादशीला आळंदीला गेले. मी बरोबर होते. समाधीला माळ लावून त्यांनी पुन्हा गळ्यात घातली. बाहेर इंद्रायणीच्या घाटावर बसल्यावर मी म्हटलं, "मामा, त्या पोराचा राग आला नाही तुम्हाला?"

"त्यानं खोटं कुठं सांगितलं?" ते म्हणाले. "त्याला विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. मीच म्हणायला हवं होतं, मी माळकरी आहे म्हणून. शहरात गेलं की सांगायला लाजतो आपण."

हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. गळ्यात माळ उघड दिसत असताना, नव्या झगमगीत जागी, सुनेच्या आणि नातीच्या देखत 'मला हे चालत नाही' म्हणणं त्यांना जड गेलं होतं. प्रशिक्षणात मी आता हा भाग सांगते तेव्हा मुलं गप्प होतात, कारण त्यांच्या घरीही असा एखादा मामा, एखादी आजी असते. ती व्यक्ती स्वतःहून विचारणार नाही. विचारायचं वेटरनंच.

एक गोष्ट मात्र अजून झालेली नाही. वाइन घातलेल्या पदार्थापुढे मेनूकार्डावर द्राक्षाच्या घडाची बारीक खूण छापा, असं मी मालकांना सुचवलं. वेटर सांगतात तेवढं पुरे, असं त्यांचं मत पडलं. वेटर बदलतात, हिंगोलीचा तो मुलगा आता दुसरीकडे कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, म्हणून गेलाही. गुढीपाडव्याला नवं कार्ड छापणार आहेत. त्याच्या आधी मी मालकांना पुन्हा भेटणार आहे आणि मामींनी केलेल्या नखुल्यांची खीर घेऊन जाणार आहे, शेफसाठी.